काही न्हाई, नायट्रोजन

साधनाने फोटो पाठवले ते दोन, पण बाटली एकच. पहिल्या फोटोत बाटलीतलं द्रावण उकडलेल्या पालकाच्या पाण्यासारखं हिरवं होतं, दुसऱ्यात भट्टीतून निघालेल्या विटेसारखं लाल. खाली एकच ओळ होती : "बघ आता. तुझंच लेकरू हाय."

नाहिद कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसली होती. घास तसाच हातात राहिला. तिने दोन्ही फोटो मोठे करून पाहिले आणि लगेच फोन लावला.

"यात काय टाकलंस तू?"

"काहीच न्हाई ना! बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर लाल झाली. बाहेर काढली, टेबलावर ठेवली, तर घडीभरात पुन्हा हिरवी. परत ठेवली, परत लाल. मला वाटलं माझेच डोळे गेले."

"आणि हायड्रोजन दिला तेव्हा?"

"हायड्रोजनला त्याने विचारलंसुद्धा न्हाई," साधना म्हणाली. "तुझं भाकीत पडलं, बाई. पण हे काय हाय ते सांग."

नाहिद जालन्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायची. पण तिच्या संशोधनाला वास नव्हता, रंग नव्हता, त्याने कधी हात भाजला नव्हता. ती रेणू बनवायची ते कॉम्प्युटरवर. अणू कुठे ठेवायचे ते सांगायचं, त्यांच्या इलेक्ट्रॉनांची समीकरणं विद्यापीठाच्या मोठ्या मशीनकडे पाठवायची आणि नंबर लागायची वाट बघायची. काही दिवसांनी उत्तर यायचं : हा बंध इतका लांब, तो इतका घट्ट, इथे रेणू टिकेल, तिथे मोडेल.

दोन वर्षांपूर्वी तिने असाच एक रेणू मांडला होता. मधोमध लोखंडाचा एक अणू, त्याला खालून तीन फॉस्फरसांनी धरलेलं, तिपाईवर घागर ठेवावी तसं. लोखंडाची वरची बाजू उघडी. त्या उघड्या बाजूवर हायड्रोजनचा रेणू येऊन बसेल आणि मधोमध तुटेल, असं तिचा हिशेब सांगत होता. साधना तिची एम.एस्सी.ची मैत्रीण, मूळची वाटूरची, आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत खरोखरचे रेणू बनवणारी. तिने ते वाचलं आणि म्हणाली, करून बघते. करायला तिला वर्ष गेलं. आणि आता हायड्रोजन राहिला बाजूला, बाटली मात्र रंग बदलत होती.

त्या दिवसापासून नाहिदच्या डोक्यातून ती बाटली जाईना.

तिचा पहिला अंदाज सरळ होता. लोखंडाचे इलेक्ट्रॉन दोन तऱ्हेने बसू शकतात, जोडीजोडीने किंवा सुटे सुटे. गरमीत एक तऱ्हा, थंडीत दुसरी. तऱ्हा बदलली की रंग बदलतो. असं पुष्कळ पदार्थांत होतं. साधनाचे मार्गदर्शक, राधेश्याम लाहोटी सर, त्यांचंही तेच मत होतं. नाहिदने दोन्ही तऱ्हांचे रेणू मांडले, मशीनला दिले, रंगही काढायला सांगितला. उत्तर आलं ते चक्रावून टाकणारं. दोन्ही तऱ्हा हिरव्याच निघाल्या. एक थोडी फिकी, एक थोडी गडद, पण लाल कुठेच नाही.

तिने पद्धत बदलली. मग फॉस्फरसचे हात थोडे वाकवून पाहिले. दोन रेणू एकमेकांना चिकटत असतील म्हणून दोन एकत्र मांडले. एकदा नवा हिशेब मांडत असताना कॉलेजची वीज गेली आणि तिच्या फाइली पाठवायच्या राहिल्या, तेव्हा ती इतकी चिडली की प्यूनमामांनी आपणहून चहा आणून दिला. पण लाल काही येईना.

घरीही लक्ष नसायचं. तिचे अब्बा, गयासोद्दीन, यांचं नव्या मोंढ्यात खत-बियाण्यांचं दुकान. सकाळी दुकानाला निघण्याआधी ते नाष्ट्याला बसले की लेकीला विचारल्याशिवाय राहायचे नाहीत.

"मिला क्या तेरा लाल रंग?"

"नईं अब्बा."

"लोहा है ना उसमें? लोहे को ज़ंग लगता, लाल होता. जालने में इत्ते कारखाने हैं, किसी कू भी पूछ ले."

"ज़ंग लगा तो वापस हरा नईं होता, अब्बा."

"हौ, ये बी है," म्हणत अब्बा विचारात पडायचे आणि त्याच विचारात स्कूटर काढायचे.

दिवाळीनंतर साधनाच्या चुलत बहिणीचा साखरपुडा निघाला. साधना वाटूरला आली तसा नाहिदला फोन : "ये ना. जेवायलाच ये." नाहिदने रविवारची एसटी धरली. वाटूर फाट्यावर साधना स्कूटी घेऊन उभीच होती. घरी मांडवाची गडबड होती. साधनाच्या आईने, साळूबाईंनी, दोघींना मागच्या अंगणात बाज टाकून दिली आणि चिवड्याच्या वाट्या आणून ठेवल्या. सोयाबीन निघून गेलेली होती, कापसाची बोंडं फुटायला लागली होती, आणि अंगणापलीकडे पांढरे ठिपके दिसत होते.

"आता पहिल्यापासून सांग," नाहिद म्हणाली. "जसं करतेस तसं करून दाखव. एकही गोष्ट सोडू नको."

"इथं? चिवड्यात?"

"हो. इथंच."

साधना हसली, पण बाजेवर मांडी घालून बसली. दोन्ही हात समोर लांब केले. "ही माझी काचेची पेटी. हे तिचे रबराचे हातमोजे, हे असे कोपरापर्यंत. आत हवा न्हाई. हवेतला ऑक्सिजन लागला की माझा पदार्थ मेला. म्हणून सगळं पेटीतच करायचं. तराजू आत, बाटल्या आत, फ्रीजरसुद्धा आतच." तिने चिवड्याची वाटी उचलली. "ही बाटली. यात पदार्थ टाकला, द्रावक टाकला, हलवलं. हिरवं झालं. झाकण लावलं. फ्रीजरमध्ये ठेवलं."

"थांब. पेटीत हवा न्हाई. मंग काय हाय?"

"काही न्हाई."

"काही न्हाई म्हणजे? पोकळी?"

"पोकळी कशी असंल? पेटी चपटी होऊन जाईल ना. काही न्हाई म्हणजे, नायट्रोजन."

साधनाचे हात अजून त्या नसलेल्या हातमोज्यांमध्येच होते.

"आणि बाटलीत? द्रावणाच्या वर जी जागा उरते तिथं?"

"तिथंबी तेच. नायट्रोजन. अगं तो काही करत न्हाई, म्हणून तर त्याच्यात ठेवतात."

"साधना," नाहिद सावकाश म्हणाली, "माझ्या कॉम्प्युटरमध्ये खरोखरच काही नसतं. मी लोखंड ठेवते, फॉस्फरस ठेवते, आणि भोवती नुसती पोकळी. माझा रेणू तिथं एकटा असतो. तुझा कधीच एकटा नव्हता."

साधनाने हात खाली घेतले. मग तिला एकदम उमगलं. "म्हणजे ती वरची उघडी बाजू..."

"त्याच्यावर तो बसतो. थंडीत बसतो, गरमीत उठतो."

"नायट्रोजन?" साधना खुदकन हसली. "तो तर काहीच करत न्हाई म्हणते मी वर्षभर! सगळ्यांना तेच सांगते!"

साळूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा दोघी एकमेकींच्या हातावर टाळ्या देत होत्या. त्यांना वाटलं, नाहिदचंही कुठे लग्न ठरलं असावं.

जालन्याला परतल्यावर नाहिदने लोखंडाच्या डोक्यावर नायट्रोजनचा रेणू उभा करून ठेवला आणि मशीनला पाठवला. मशीनचं उत्तर आलं : बसतो. रंग काढला : लाल. ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. मग खात्री करावी म्हणून तिने दुसऱ्या पद्धतीने तोच हिशेब केला, आणि दुसरी पद्धत म्हणाली, बसत नाही.

या शास्त्रात असं होतं. लोखंडाचे इलेक्ट्रॉन इतके आडमुठे असतात की एक पद्धत त्यांना जोडीत बसवते, दुसरी सुटं ठेवते, आणि त्या फरकावर पाहुण्याला जागा मिळते किंवा मिळत नाही. नाहिदने तिसरी पद्धत लावली. तिचा कौल मधलाच. जे उत्तर आवडलं तेच खरं मानावं, असा मोह तिला झाला नाही असं नाही. पण तिने साधनाला फोन करून जे होतं ते सांगितलं.

"माझं मशीन स्वतःशीच भांडून राह्यलंय. तूच एक कर. नायट्रोजनच्या ऐवजी आर्गॉनमध्ये तीच बाटली बनव. आर्गॉन खरंच काही करत न्हाई."

आर्गॉनची पेटी दुसऱ्या विभागात होती. साधनाने चार जणांना गोड बोलून ती मिळवली. आर्गॉनमधली बाटली फ्रीजरमध्ये ठेवली. संध्याकाळी काढली. हिरवी. रात्रभर ठेवली, सकाळी काढली. हिरवीच.

साधना आनंदाने लाहोटी सरांकडे गेली आणि तोंड पाडून परत आली. सरांचं म्हणणं ऐकून घ्यावं असंच होतं. लाल बाटलीचा त्यांनी अवरक्त वर्णपट काढायला लावला होता. रेणूतले बंध स्प्रिंगसारखे हलतात आणि प्रत्येक स्प्रिंगची या पट्टीवर ठरलेली जागा असते. नायट्रोजन बसला तर जिथे यावी तिथे एक ठसठशीत रेघ आली होती खरी. पण कार्बन मोनॉक्साइड लोखंडावर बसला तरी त्याची रेघ साधारण तिथेच येते. नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये त्याचा अंश असेल, आर्गॉनच्या सिलिंडरमध्ये नसेल, एवढंच. सर म्हणाले होते, "तुमची मैत्रीण हुशार आहे, पण मला रेघेचं नाव हवंय."

"सर बराबर बोलून राह्यले," नाहिद फोनवर म्हणाली.

"तू कोणाच्या बाजूनं?"

"रेघेच्या," नाहिद म्हणाली. "बाजारात जड नायट्रोजन मिळतो ना? तोच नायट्रोजन, फक्त अणू थोडा वजनदार. त्याची छोटी बाटली कुठून मिळंल का?"

"मिळंल. सरांना मस्का लावावा लागंल."

"मंग लाव. तो बसतो की न्हाई, हे मी छातीठोक सांगू शकत न्हाई. पण बसला असंल तर एक गोष्ट सांगू शकते. स्प्रिंग तीच, वजन जड, म्हणजे ती हळू हलणार. रेघ किती खाली सरकंल ते मी काढून देते. त्याच्यात पद्धतीचं भांडण न्हाई, ते नुसतं वजनाचं गणित हाय. आणि कार्बन मोनॉक्साइड असला तर रेघ जागची हलणार न्हाई."

तिने आकडा काढला. सदुसष्ट एकक, एखाद्याने इकडेतिकडे. तो तिने ईमेलने साधनाला आणि लाहोटी सरांना दोघांनाही पाठवला, प्रयोगाच्या आधी. नंतर सांगितलं असतं तर त्याला अर्थ नव्हता. पाठवल्यावर मात्र तिने सगळं गणित पुन्हा एकदा तपासलं.

ते दिवस तिला फार लांबले. एका सकाळी नाष्ट्याच्या वेळी अब्बांनी विषय काढला. दुकानात युरियाच्या गोण्यांसाठी रांग लागलेली, आणि इथे लेक नायट्रोजन नायट्रोजन करत फिरतेय, हे त्यांना मजेशीर वाटत होतं.

"बेटा, युरिया में बी वोइच है ना? तेरा नायट्रोजन?"

"वोइच है, अब्बा."

"और हवा में बी वोइच. इत्ता सारा. फिर वो ऊपर से सीधा खेत में क्यूं नईं उतरता? मैं गोणी काय कू बेचूं?"

नाहिदने टेबलावरची दोन उकडलेली अंडी जवळ आणून ठेवली. "ये दो अणू. इन दोनों ने एक-दूसरे कू तीन-तीन हातों से पकड़ के रखा है. किसी तिसरे कू हात देने कू बचाइच नईं. उसे छुड़ाने कू कारखाने में बहुत गरमी लगती, बहुत दाब लगता."

"और तेरा लोहा क्या करता?"

"लोहा अपने इलेक्ट्रॉन उन दोनों के बीच में घुसा देता. इससे पकड़ थोड़ी ढीली होती. और नीचे जो तीन फॉस्फरस हैं ना, वो लोहे कू इलेक्ट्रॉन देते रैते, ताके उसके पास बांटने कू रहे."

अम्मी, अजीजुन्निसा, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "ढीली होती बोले तो टूटती नईं?"

"नईं अम्मी, टूटती नईं. इत्ती सी लंबी होती."

"फिर इत्ता सब काय कू?"

"देखना है," नाहिद म्हणाली. "ढीली हुई तो कैसी हुई, इत्ताच पहले देखना है." अम्मींनी मान हलवली आणि एक अंडं सोलून तिच्या ताटात ठेवलं.

साधनाचा फोन आला तेव्हा नाहिद वर्गात होती. तिने मुलांना एक गणित दिलं आणि व्हरांड्यात आली.

"सरकली!" साधना ओरडलीच. "रेघ सरकली, नाहिद! सहासष्ट!"

नाहिदने खांबाला हात लावला.

"पण ऐक," साधनाचा आवाज खाली आला. "सगळी न्हाई सरकली. जुन्या जागी एक बारीक रेघ राहिलीच हाय. सर म्हणतात, हीच ती कार्बन मोनॉक्साइडची. म्हणजे थोडं तुझं खरं, थोडं त्यांचं."

खालच्या मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती. नाहिदने विचारलं, "जड नायट्रोजन भरण्याआधी साधा कसा काढलास?"

"द्रावण गोठवलं, पंपाने वरचा वायू ओढला, वितळवलं. एकदा."

"एकदाच?"

"एकदाच."

"मंग द्रावणात विरघळलेला साधा नायट्रोजन सगळा कुठं गेला असंल? त्यातला थोडा आतच असंल. परत कर. दोनदा, तीनदा ओढ. कार्बन मोनॉक्साइड असंल तर तो माझ्या हिशेबात इतका घट्ट बसतो की गोठवून, ओढून हलायचा न्हाई. ती रेघ आहे तेवढीच राहील. नायट्रोजन असंल तर प्रत्येक वेळी कमी होत जाईल."

"आणि राहिली तर?"

"राहिली तर सरांचं खरं. मला चालंल. पण बघ तर."

साधनाने केलं. दुसऱ्यांदा ओढल्यावर बारीक रेघ अर्धी झाली. तिसऱ्यांदा तिच्या जागी नुसती सपाट जमीन. तो वर्णपट घेऊन ती सरांच्या केबिनमध्ये गेली, आणि सरांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "तुमच्या जालन्याच्या मॅडमना फोन लावा." फोनवर त्यांनी अभिनंदन वगैरे केलं नाही. सरळ विचारलं, "तीनपैकी एक फॉस्फरस नायट्रोजन येताना मागे सरकतो का? लाल पदार्थाचा क्रिस्टल क्ष-किरणांनी पाहिला, त्यात मला एक बंध लांब दिसतोय."

"माझ्याकडेही एक लांब येतोय, सर," नाहिद म्हणाली. "मला ती हिशेबातली चूक वाटली होती."

"चूक नसावी," सर म्हणाले. "का सरकतो ते शोधा." आणि फोन ठेवला. नाहिद कितीतरी वेळ तो संवाद मनात घोळवत राहिली. कौतुकाचे दहा शब्द ऐकून झाला नसता इतका आनंद तिला त्या एका प्रश्नाने झाला होता.

डिसेंबरात साधना गावी जाताना वाट वाकडी करून जालन्याला उतरली. पर्समधून तिने कापसात गुंडाळलेली एक जाड काचेची नळी काढली. करंगळीएवढी, दोन्ही टोकांना काच वितळवून बंद केलेली, आत अर्ध्यात द्रावण आणि अर्ध्यात नायट्रोजन.

"सरांनी दिली. म्हणाले, ज्यांनी मांडला त्यांनी एकदा बघावा तरी."

नाहिदने नळी हातात घेतली. दोन वर्षं तिने या रेणूला रंगीत चेंडू आणि काड्यांच्या रूपातच पाहिलं होतं. लोखंड नारिंगी चेंडू, फॉस्फरस केशरी, नायट्रोजन निळा. प्रत्यक्षात तो असा गडद हिरवा, काचेला तेलासारखा लगडणारा असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. ती नळी इकडून तिकडे कलंडवत राहिली.

"बर्फ हाय का?" साधनाने विचारलं.

अम्मींनी फ्रीजमधला बर्फ स्टीलच्या पातेल्यात काढून दिला, कुटला, आणि साधनाने वर मूठभर खडे मीठ टाकून ढवळलं. अब्बा दुपारच्या जेवणाला आले होते ते हात धुवायचे विसरून ओट्याशी येऊन उभे राहिले. नळी द्रावणाच्या पातळीपर्यंत बर्फात रोवली आणि आतलं दिसावं म्हणून समोरचा बर्फ थोडा बाजूला सारला. चौघं वाकून बघायला लागले.

आधी काहीच झालं नाही. मग तळाशी तपकिरी छटा आली, जणू हिरव्यात कुणी कात टाकला. ती वर चढत गेली, गडद होत गेली, आणि बघता बघता बर्फातला भाग विटेसारखा लाल झाला.

"अरे बाप रे," अब्बा हळूच म्हणाले. "बैठ गया क्या वो?"

"बैठ गया, अब्बा."

"और टूटा नईं?"

"नईं. अभी नईं."

अम्मींनी नळी दोन बोटांनी वर उचलली, तळहातात धरली. हाताच्या उबेने लाल विरत गेला, हिरवा परतला. त्यांनी ती परत बर्फात ठेवली, पुन्हा काढली. लहान मुलीसारखं दोन-तीनदा केलं, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन हसत नळी लेकीकडे दिली.

नाहिदने ती पुन्हा रोवली, पण या वेळी द्रावणाच्या अर्ध्यापर्यंतच. खाली लाल, वर हिरवं, आणि मधे एक पट्टा, ना लाल ना हिरवा. ती त्या पट्ट्याकडे इतकी निरखून बघत होती की साधनाने तिला कोपराने ढोसलं.

"आता काय बघून राह्यली?"

"हा मधला पट्टा. इथं तो बसतोय आणि उठतोय, दोन्ही. उठताना सरळ वर जातो की कलंडून जातो? फॉस्फरस आधी पुढं येतो का तो गेल्यावर? मी बसलेला मांडला, उठलेला मांडला. पण हा मधला कधी मांडलाच न्हाई."

"मशीन सांगंल का?"

"विचारल्याशिवाय कसं कळंल?"

पातेल्यातला बर्फ वितळायला लागला होता. पट्टा हळूहळू खाली सरकत होता, आणि नाहिदला तो अजून थोडा वेळ हवा होता.

"साधना," ती नजर न हलवता म्हणाली, "अजून मीठ टाक."